आधी अंदाज, मग उत्तर : एका कॅल्क्युलेटरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

मोबाइलवर चालणारा एक साधा कॅल्क्युलेटर आम्हाला तयार करायचा आहे आणि त्याची अट एकच आहे. आकडे भरून बरोबरची खूण दाबली तरी उत्तर लगेच दिसणार नाही. वापरणाऱ्याने आधी आपला अंदाज भरायचा आणि तो पुरेसा जवळ असेल तरच उत्तर उघडायचे. तोंडी हिशोबाची सवय सुटलेल्या प्रौढांसाठी हे साधन आहे, शाळकरी मुलांसाठी नाही, हे आजच्या बैठकीत ठरले. कल्पना आमची पहिलीच आहे असे नव्हे. इलान सॅम्सन यांचा ‘क्वामा’ हा कॅल्क्युलेटर याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे आमचे काम कल्पना शोधण्याचे नसून ती रोजच्या वापरात कोठे अडते ते पाहण्याचे आहे.

‘कॅल्क्युलेटरने लोकांचे गणित बुडवले’ हे विधान बैठकीत इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने केले गेले की, पुढचा आठवडा ते तपासण्यात घालवावा असे मी सुचवले. साधन कशावर उपाय म्हणून करायचे आहे हे नक्की नसेल, तर त्याच्या प्रत्येक बटणाबद्दल वाद होत राहतील.

१३ जानेवारी

आठवडाभर वाचलेल्या गोष्टींपैकी एक प्रश्न डोक्यातून जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत १९७८ साली तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचा केवळ अंदाज विचारला होता आणि उत्तरासाठी १, २, १९ आणि २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, तेव्हा बेरीज जवळजवळ दोन, इतकाच विचार पुरेसा होता. तरीही २ हा पर्याय निवडणारी मुले अवघी २४ टक्के निघाली, तर १९ आणि २१ हे पर्याय मिळून निम्म्याहून अधिक मुलांनी निवडले. हे दोन आकडे कोठून आले ते उघड आहे: अंशांची बेरीज १९ आणि छेदांची २१. मुलांनी आकडेमोड केली, ती बरोबरही केली, पण एकाहून लहान असलेल्या दोन संख्या मिळून एकोणीस कसे होतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

१९७८ साली खिशात मावणारा कॅल्क्युलेटर बाजारात येऊन जेमतेम सात-आठ वर्षे झाली होती. ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा पहिला खिशातला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १९७२ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती. म्हणजे त्या मुलांचे पाचवी-सहावीपर्यंतचे गणित बहुतांशी कागदावरच झालेले होते. बरोबर छत्तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, संशोधकांनी हाच प्रश्न आठवीच्या विद्यार्थ्यांना पुन्हा विचारला, तेव्हा बरोबर उत्तर देणारे २७ टक्के होते. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात कॅल्क्युलेटर घरोघरी पोहोचला आणि नंतर प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसला. अंदाज मात्र होता तेथेच राहिला. तेव्हा यंत्राने हे कौशल्य हिरावून घेतले असे म्हणणे कठीण आहे. आडातच नव्हते, ते पोहऱ्यात कोठून येणार?

तोंडी आणि कागदी आकडेमोडीचा वेग मात्र कमी झाला आहे, हे आजूबाजूला पाहून कोणीही सांगेल आणि ते मी नाकारत नाही. तो वेग गेल्याचे मला फारसे दुःख नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो. यंत्राने दिलेला आकडा पाहून ‘हे एवढे कसे?’ असे विचारण्याची सवय आमच्या साधनाने लावली पाहिजे. गुणाकाराचा वेग वाढवणे हा त्याचा हेतू नाही.

१६ जानेवारी

आणखी थोडे वाचन. हेम्ब्री आणि डेसार्ट यांनी १९८६ साली ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात नेहमीच्या शिकवण्याला जोड म्हणून कॅल्क्युलेटर वापरल्याने मुलांचे कागदावरचे कौशल्य सहसा घटले नाही, उलट बहुतेक इयत्तांत सुधारले. अपवाद चौथीचा होता आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण पायाभूत क्रिया पक्क्या होण्याचे तेच वय असते. दुसरा उपयोगी अभ्यास २००८ चा आहे. त्यात तिसरीच्या मुलांना गुणाकाराची उत्तरे आधी स्वतः काढायला लावून मग तपासू दिली आणि त्यांची तुलना उत्तर थेट कॅल्क्युलेटरवरून वाचणाऱ्या मुलांशी केली. ज्यांना आधीचे फारसे येत नव्हते, त्यांना स्वतः उत्तर काढण्याचा फायदा झाला. आमची ‘आधी अंदाज’ ही अट याच्याशी जुळते, फक्त आमचे वापरकर्ते वयाने मोठे आहेत.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रौढांच्या कौशल्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहभागी देशांत सरासरीने सुमारे चौथा हिस्सा प्रौढ संख्याज्ञानाच्या पहिल्या पातळीवर किंवा तिच्याही खाली आहेत. या आकड्यावरून कॅल्क्युलेटरला दोषी धरता येत नाही, पण साधन कोणासाठी करायचे आहे ते मात्र कळते.

२३ जानेवारी

अंदाज ‘पुरेसा जवळ’ कधी मानायचा, यावर आजचा दिवस गेला. उत्तर आणि अंदाज यांच्यातील फरक मोजावा की त्यांचे गुणोत्तर, हा पहिला प्रश्न होता. फरक मोजणे निरुपयोगी आहे, कारण चाळीस हजारांत दहाचा फरक काहीच नाही आणि बारामध्ये दहाचा फरक म्हणजे सर्वनाश. गुणोत्तर घेतले आणि मर्यादा ०.८ ते १.२५ अशी ठेवली. या दोन संख्या एकमेकींच्या व्यस्त असल्यामुळे अंदाज सव्वापट मोठा असो किंवा उत्तर अंदाजाच्या सव्वापट असो, दोघांना एकच न्याय मिळतो. वर-खाली वीस-वीस टक्के अशी मर्यादा ठेवली असती तर कमी अंदाज करणाऱ्याला सूट आणि जास्त करणाऱ्याला शिक्षा झाली असती.

दहापर्यंतच्या पाढ्यांत मात्र अंदाज चालणार नाही, तेथे नेमके उत्तरच भरावे लागेल. ४७ × ८३ चा अंदाज करायचा तर ५० × ८० मनात यावे लागते आणि त्यासाठी पाच आठे चाळीस तोंडावर असावे लागतात. इंग्लंडमध्ये २०२२ पासून शाळेच्या चौथ्या वर्षातल्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या, मुलांची पाढ्यांची सक्तीची चाचणी होते. २५ प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. घड्याळ लावून पाढे विचारण्याची ही पद्धत मला आवडत नाही, पण पाढ्यांवाचून अंदाज उभा राहत नाही, ही तिच्यामागची समजूत खरी आहे.

३० जानेवारी

पहिली आवृत्ती चार-पाच जणांच्या हातात दिली. एका सहकाऱ्याने पहिल्याच गुणाकाराला अंदाज म्हणून ३,९०१ हा आकडा भरला, जो नेमका बरोबर होता. कौतुक करावे म्हणून मी मागे जाऊन पाहिले, तर त्यांनी मांडीवरच्या दुसऱ्या फोनवर तो गुणाकार करून घेतला होता. मनुष्यस्वभावापुढे इलाज नाही, पण साधनाच्या रचनेत तरी याचा बंदोबस्त करणे भाग आहे. अंदाजाच्या चौकटीत केवळ पहिला अंक आणि पुढे किती शून्ये, एवढेच भरू द्यावे असे ठरवले.

३ फेब्रुवारी

एका अंकाची चौकट तपासताना अडचण दिसली. उत्तर १४ असेल तर एका अंकात भरता येणारे जवळचे अंदाज दोनच आहेत, १० आणि २०. त्यांपैकी १० हा उत्तराच्या ०.७१ पट आणि २० हा १.४३ पट भरतो, म्हणजे दोन्ही आमच्या मर्यादेबाहेर! नीट विचार करणारा माणूसही येथे अडकणार. ही अडचण क्वचितची असती तर सोडून दिली असती, पण १ ने सुरू होणाऱ्या संख्या व्यवहारात फार भेटतात. अनेक पटींच्या व्याप्तीत पसरलेल्या आकडेवारीत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते, नवव्या हिश्शाएवढे नव्हे.

म्हणून चौकट दोन अंकांची केली: पहिले दोन अंक आणि पुढे शून्ये किंवा मागे दशांशचिन्ह. दुसरा फोन वापरणाऱ्याला आता निदान उत्तर पूर्णांकित तरी करावे लागेल. शून्यांची संख्या वेगळ्या बटणाने भरायची आहे, त्यामुळे ‘हे शेकड्यात आहे की हजारात’ हा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो.

ही रचना ठरल्यावर ध्यानात आले की, स्लाइड रूल वापरणारे तीनशेहून अधिक वर्षे हेच करत होते. विल्यम ऑट्रेड यांनी १६२० च्या दशकात, गुणाकाराची बेरीज करून टाकणारे नेपियर यांचे लॉगरिदम प्रसिद्ध झाल्यानंतर काही वर्षांतच, लॉगरिदमच्या मापपट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार करण्याची युक्ती काढली. त्या पट्टीवर उत्तराचे पहिले दोन-तीन अंक मिळतात, दशांशचिन्ह कोठे द्यायचे ते ती सांगत नाही. ३.९, ३९० आणि ३,९०,००० ही तिन्ही उत्तरे पट्टीवर एकाच जागी असतात आणि त्यांतले खरे कोणते, हे अभियंत्याला स्वतःच्या डोक्याने ठरवावे लागे. कॅल्क्युलेटरने दशांशचिन्हही आपणहून द्यायला सुरुवात केली, तेव्हा उत्तराच्या आकारमानाचा विचार करण्याची सक्तीच संपली.

११ फेब्रुवारी

आज एक तक्रार आली आणि ती रास्त आहे. ४५ × ८५ × ३५ या गुणाकारात एका बाईंनी शाळेत शिकवलेल्या नियमाने पाच किंवा त्याहून मोठा अंक वर नेला, ५० × ९० × ४० असे केले आणि १,८०,००० हा अंदाज भरला. खरे उत्तर १,३३,८७५ आहे, म्हणजे अंदाज १.३४ पट निघाला आणि साधनाने तो नाकारला. ‘नियम पाळूनही मी चूक कशी?’ असे त्यांनी विचारले. नियम एकेका संख्येसाठी ठीक आहे, पण तिन्ही संख्या एकाच दिशेला सरकल्या की चुका एकमेकींना धरून वाढत जातात. एक वर नेली तर दुसरी खाली आणावी: ५० × ८० × ३५ केले तर १,४०,००० येतात आणि काम भागते.

मर्यादा सैल करावी असे एक मत पडले, पण मी विरोध केला. मर्यादा तशीच ठेवून नाकारलेल्या अंदाजाखाली एक ओळ दाखवायची, असे शेवटी ठरले: ‘सर्व संख्या एकाच बाजूला पूर्णांकित झाल्या आहेत का ते पाहा.’

१८ फेब्रुवारी

प्रकल्पातला आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी दिवस. एका गृहस्थांना ४८ × ०.५२ करायचे होते. त्यांनी ४८ च्या निम्मे म्हणून २५ हा अंदाज भरला, तो योग्यच होता, पण आकडे भरताना बोट चुकून ५.२ पडले होते. यंत्राच्या पोटात २४९.६ हे उत्तर तयार होते, त्यामुळे त्याने ‘तुमचा अंदाज चुकला आहे’ असा संदेश दाखवला. गृहस्थांनी क्षणभर पडद्याकडे पाहिले, अंदाज पुसला, २५० भरला आणि २४९.६ हे उत्तर वहीत उतरवून घेतले.

म्हणजे ज्या आंधळ्या विश्वासाविरुद्ध आम्ही हे साधन काढले, तोच विश्वास आमच्या संदेशाने पक्का केला. यंत्राला काय ठाऊक असते? भरलेले आकडे आणि भरलेला अंदाज जुळत नाहीत, एवढेच. चूक अंदाजात आहे की बोटात, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ग्लासगो आणि रेज यांनी १९९८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मुद्दाम चुकीची उत्तरे देणारे कॅल्क्युलेटर हाती दिले होते, तेव्हा अनेकांनी ती उत्तरे हरकत न घेता स्वीकारली होती. येथे यंत्र चुकीचे उत्तर देतही नव्हते. विचारले त्याचेच उत्तर त्याने दिले होते, फक्त विचारलेले वेगळे होते.

संदेश आजच बदलला: ‘अंदाज आणि हिशोब जुळत नाहीत. दोन्ही तपासा.’ त्याच्यासोबत भरलेला हिशोब मोठ्या अक्षरांत पुन्हा दिसेल आणि ‘अंदाज बदला’ व ‘आकडे बदला’ ही दोन बटणे सारख्याच आकाराची व शेजारीशेजारी असतील. अंदाजाची खरी किंमत तो दुसऱ्या वाटेने आलेला असतो यात आहे. दुसऱ्या फोनवर तोच हिशोब करून आणलेला आकडा कितीही नेमका असला तरी त्याने काहीच तपासले जात नाही, कारण मूळ आकडा वाचतानाच गफलत झाली असेल तर ती दोन्हीकडे सारखीच उतरते.

२० फेब्रुवारी

परवाच्या प्रसंगावर बोलताना एका सहकाऱ्याने १९८३ च्या विमानाची आठवण काढली. ते प्रकरण पुन्हा वाचले आणि आकडे येथे उतरवून ठेवतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक बंद असल्यामुळे टाकीतले इंधन पट्टीने मोजले, ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरचे किलो करण्यासाठी १.७७ ने गुणले आणि १३,५९७ हा आकडा आला; उरलेले इंधन त्याच हिशोबाने भरले. १.७७ हा आकडा एका लिटरचे वजन पौंडांत किती ते सांगतो. किलोसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. हव्या असलेल्या सुमारे २०,००० लिटरच्या जागी पाच हजारांहून कमी लिटर इंधन भरले गेले, विमानाची दोन्ही इंजिने हवेतच बंद पडली आणि वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातील ६९ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

येथे गुणाकार चुकला नव्हता. ७,६८२ × १.७७ कोणत्याही कॅल्क्युलेटरवर तेवढेच येतात. पण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते आणि विमानाचे इंधन पाण्यापेक्षा हलके असते, तेव्हा किलोचा आकडा लिटरच्या आकड्यापेक्षा लहानच हवा. ७,६८२ लिटरचे १३,५९७ किलो होणे शक्यच नाही, हे कळायला गुणाकार करावाच लागत नाही. आमचे साधन हा प्रसंग टाळू शकले असते का? नाही. १.७७ भरणाऱ्याने अंदाजही १.७७ धरूनच केला असता. संख्येमागच्या वस्तूचा विचार करायला लावणारी चौकट आमच्याकडे नाही आणि ती कशी बनवावी हे मला सुचत नाही. मर्यादा म्हणून मदतपानावर हे स्पष्ट लिहायचे ठरले.

२७ फेब्रुवारी

सहभागी लोकांना कागदावर सोडवलेल्या उदाहरणांची यादी दिली आणि यंत्र न वापरता चुकीची उत्तरे ओळखायला सांगितले. यंत्रालाच खोटे बोलायला लावावे, अशीही एक सूचना होती. ज्या साधनावर उद्या विसंबायचे आहे त्याने आज फसवू नये म्हणून मी ती फेटाळली. यादीत १९.८ × ५.१ = १०.०९८ हे उत्तर जवळजवळ सर्वांनी पकडले. ३१२ ÷ ०.४८ = ६५ हे मात्र अनेकांच्या नजरेतून सुटले आणि ६.०२ × ०.९७ = ५.८३९४ या बरोबर उत्तरावर काहींनी फुली मारली. कारण विचारले तेव्हा ‘भागले की कमी होते, गुणले की वाढते’ हेच उत्तर निरनिराळ्या शब्दांत मिळाले. अर्ध्याहून थोड्या कमी संख्येने भागणे म्हणजे दुपटीहून थोडे जास्त करणे, हे एकदा समजावल्यावर ६५ हा आकडा त्यांना स्वतःलाच हास्यास्पद वाटला, कारण उत्तर सहाशेच्या वर असायला हवे होते.

एकाहून लहान संख्येने गुणताना किंवा भागताना अंदाजाआधी एक प्रश्न वाढवला आहे: ‘उत्तर पहिल्या संख्येपेक्षा मोठे येईल की लहान?’

६ मार्च

वजाबाकी. ५,०१२ − ४,९८७ मध्ये दोन्ही संख्या पाच हजारांवर नेल्या तर अंदाज शून्य येतो आणि शून्याचे गुणोत्तर काढून उपयोग नाही. जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी अशी नाजूकच असते, त्यामुळे फरक मोठ्या संख्येच्या दहाव्या हिश्शाहून कमी असेल तेथे अंदाजाऐवजी उत्तर किती अंकी येईल एवढेच विचारायचे. बेरजेला काही अडचण नाही.

१३ मार्च

टक्क्यांच्या बटणाने सगळ्यांना दमवले. साध्या कॅल्क्युलेटरवर २५० + ८ % दाबले की बहुधा २७० येतात, म्हणजे ते २५० चे आठ टक्के धरते. काही वैज्ञानिक कॅल्क्युलेटर ८ % म्हणजे ०.०८ समजून २५०.०८ दाखवतात. २ + ३ × ४ चेही तसेच: क्रमाने जाणारे साधे यंत्र २० सांगते आणि गुणाकार आधी करणारे १४. एकाच हिशोबाची दोन यंत्रांवर दोन उत्तरे येतात आणि दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबर असतात, हे आमच्या बहुतेक सहभागींना प्रथमच कळले. नियम न सांगणारे यंत्र करणाऱ्यांवर माझा राग आहे, तो येथे नोंदवून ठेवतो.

आमच्या साधनात गुणाकार-भागाकार आधी होतील आणि तो क्रम पडद्यावर कंसांनी दाखवला जाईल. टक्क्यांचे बटण दाबले की ‘कशाचे ८ टक्के?’ असे विचारले जाईल आणि ती संख्या निवडल्याशिवाय हिशोब पुढे सरकणार नाही. २० टक्के वाढवून मग २० टक्के कमी केले तर मूळची संख्या परत येते असे मानणारे बरेच आहेत. प्रत्यक्षात ९६ टक्के उरतात, कारण दुसऱ्या वेळचे टक्के वाढलेल्या संख्येचे असतात. हा प्रश्न विचारणारे बटण थोडे कटकटीचे आहे, हे मान्य.

२० मार्च

अंदाज विचारणे बंद करण्याची सोय असावी की नाही, यावर मतभेद झाला. लांबलचक रकान्यांची बेरीज करणाऱ्याला प्रत्येक ओळीला अंदाज विचारणे म्हणजे छळ आहे आणि छळणारे साधन लोक दुसऱ्याच दिवशी काढून टाकतात. म्हणून सोय दिली, पण ती एका हिशोबापुरतीच. पुढच्या हिशोबाला चौकट परत येईल. रकान्याच्या बेरजेत ओळींची संख्या आणि सर्वसाधारण ओळीची रक्कम विचारून शेवटी एकदाच अंदाज घ्यायचा, म्हणजे ३९८ + ४१७ + ३८८ + ४०५ ला चार गुणिले चारशे, सोळाशे. खरे उत्तर १,६०८ आहे.

वजाबाकीची नवी चौकट आणि टक्क्यांचे बटण अजून लोकांच्या हातात गेलेले नाही. पुढच्या आठवड्यात ती आवृत्ती ४८ × ०.५२ वाल्या गृहस्थांना प्रथम द्यायची, असे ठरले आहे.